६५ मॅच, १६ गोल: हॅरी केन लोनवर होता तेव्हा

१२ मे २०१३. वॉटफर्डचं मैदान, चॅम्पियनशिपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या, प्लेऑफ सेमीफायनलचा दुसरा लेग. एक्स्ट्रा टाइम सुरू व्हायला काही सेकंद असताना लेस्टरला पेनल्टी मिळते. ही आत गेली की लेस्टर वेम्ब्लीला फायनल खेळणार. लेस्टरचा अँथनी क्नॉकार्ट मारतो, वॉटफर्डचा गोलकीपर अल्मुनिया अडवतो, रिबाउंड पण अडवतो, आणि बॉल थेट दुसऱ्या टोकाला जातो आणि वॉटफर्डचा ट्रॉय डीनी गोल करतो. फुटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाने ही क्लिप कधी ना कधी बघितलेली असते, पण त्या गोंधळात लेस्टरच्या टीममध्ये उशिरा सब म्हणून उतरलेलं एक १९ वर्षांचं पोरगं होतं हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. स्पर्सने, म्हणजे लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्परने, लोनवर (तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडे) पाठवलेलं, लेस्टरसाठी १५ मॅचमध्ये २ गोल. नाव हॅरी केन.

आता त्याचं सगळं आपल्याला माहितीये, २०१८ च्या वर्ल्डकपचा गोल्डन बूट, इंग्लंडकडून सगळ्यात जास्त गोल, स्पर्सकडून सगळ्यात जास्त गोल. पण ते सगळं बाजूला ठेवून फक्त त्या उन्हाळ्यात जाऊन बसायचं आणि स्वतःला विचारायचं की तुम्ही स्पर्सच्या ऑफिसात असता तर काय केलं असतं? चार क्लब फिरून आलाय. लेटन ओरिएंटला १८ मॅच ५ गोल, मिलवॉलला २७ मॅच ९ गोल, नॉरिचला ५ मॅच आणि शून्य, लेस्टरला १५ मॅच २ गोल. बेरीज करा, ६५ मॅच आणि १६ गोल. दिसायला वेगवान नाही, उंच आहे पण दणकट म्हणावा असा नाही. मला वाटतं दहातल्या आठ क्लबनी त्याला चॅम्पियनशिपमध्ये कुणाला तरी विकून टाकला असता, आणि त्यांना कुणी नावंही ठेवली नसती.

म्हणून मला या केसमध्ये इतका रस आहे. मेहनत केली आणि फळ मिळालं एवढ्यावर ही गोष्ट सांगून मोकळं होतात लोक, पण मेहनत तर त्याच्याबरोबरच्या सगळ्याच पोरांनी केली होती. माझं म्हणणं असं आहे की त्या ६५ मॅचच्या आकड्यात उत्तर होतं, फक्त ते बेरजेत दिसत नव्हतं, फोड केली की दिसत होतं. आणि दुसरं, ते उत्तर दिसलं तरी पुढे त्याला मैदानावर उतरवायला बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागल्या, ज्यातल्या निम्म्या त्याच्या हातात नव्हत्या.

सुरुवात आठव्या वर्षापासून करावी लागेल. केनचा जन्म २८ जुलै १९९३ चा, पूर्व लंडनमधल्या वॉल्थमस्टोचा. वाढला चिंगफर्डला, घरचे स्पर्सवाले, आणि पोरांचा क्लब रिजवे रोव्हर्स, जिथे आधी डेव्हिड बेकहॅमपण खेळून गेलेला. तिथून आर्सेनलने उचलला आणि एका सीझननंतर सोडून दिला. त्यावेळी आर्सेनलची अकॅडमी लियाम ब्रेडीकडे होती, त्यांनी नंतर उघडपणे सांगितलं की पोरगा जरा गुबगुबीत होता, फारसा चपळ नव्हता, आणि आमची चूक झाली. चूक कबूल केली हे त्यांच्या मोठेपणाचंच, पण इथे जन्मतारखेकडे बघा. इंग्लंडमध्ये शाळेचं आणि फुटबॉलच्या वयोगटाचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. म्हणजे २८ जुलैचा पोरगा आपल्या गटात जवळपास सगळ्यात लहान, त्याच्याच बॅचमधला सप्टेंबरचा पोरगा त्याच्याहून दहा-अकरा महिन्यांनी मोठा. पंचविशीत दहा महिन्यांनी काही फरक पडत नाही हो, पण आठव्या वर्षी दहा महिने म्हणजे पोराच्या आयुष्याचा दहावा हिस्सा, आणि तो उंचीत, वजनात, पळण्यात सगळीकडे दिसतो. अकॅडमीचा कोच त्या दिवशी जे डोळ्याला दिसतं त्यावरच ठरवतो, आणि त्याला दिसलं एक गोलमटोल, मागे पडणारं पोरगं. आपल्याकडेही कुठल्याही खेळाच्या अंडर-टेन ट्रायलला जाऊन बघा, सिलेक्ट झालेल्या पोरांच्या जन्मतारखा विचारा. मला तर हे फार लागतं. आठ वर्षांच्या पोराला 'नाही' म्हणताना आपण नेमकं कशाला नाही म्हणतोय हे म्हणणाऱ्यालाही माहीत नसतं.

केनने स्वतः लिहिलंय की ही बातमी त्याला वडिलांनी सांगितली, ओरडले नाहीत, आर्सेनलवर चिडले नाहीत, खांद्यावर हात ठेवून म्हणाले की अजून मेहनत करू आणि दुसरा क्लब शोधू. मग वॉटफर्डला ट्रायल, तिथे स्पर्सच्या पोरांविरुद्ध चांगला खेळला, आणि अकराव्या वर्षी, २००४ मध्ये, स्पर्सच्या अकॅडमीत. तिथेही लगेच स्टार वगैरे नव्हता. बरीच वर्षं मिडफिल्डमध्येच खेळला, कधी अटॅकिंग, कधी मागे. आज तो मागे येऊन चाळीस-पन्नास यार्डांचे पास टाकतो ना, त्याचं मूळ मला तिथे दिसतं. जो पोरगा शरीराच्या जोरावर जिंकू शकत नाही त्याला बॉल लवकर सोडायला, आधी बघायला शिकावंच लागतं. मग मधल्या वर्षांत उंची वाढली, गोल यायला लागले आणि २०१० च्या उन्हाळ्यात पहिला प्रोफेशनल करार झाला.

आता लोन. ज्यांना ही भानगड नीट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मोठ्या क्लबकडे १८-१९ वर्षांची पोरं असतात ज्यांना मेन टीममध्ये जागा नाही, आणि रिझर्व्ह मॅचमध्ये खरी कसोटी लागत नाही, कारण तिथे हरलं तर कुणाची नोकरी जात नाही. म्हणून त्यांना खालच्या डिव्हिजनच्या क्लबकडे काही महिने किंवा पूर्ण सीझन पाठवतात. स्पर्स त्या काळात हे फार करायचे. अँड्रॉस टाउनसेंड एकटा नऊ क्लबना जाऊन आला! पाठवणाऱ्या क्लबला वाटतं पोरगा खेळेल, पण घेणाऱ्या क्लबच्या मॅनेजरला तुमच्या पोराच्या करिअरशी काही देणंघेणं नसतं, त्याला शनिवारची मॅच जिंकायची असते. लोनचा अर्धा अर्थ या एका वाक्यात आहे.

पहिला लोन जानेवारी २०११, लेटन ओरिएंट, तिसरी डिव्हिजन म्हणजे लीग वन. मॅनेजर रसेल स्लेड. १५ जानेवारीला रॉचडेलला सब म्हणून उतरला, तेव्हा वय १७. पुढच्याच आठवड्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवलं, शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध, आणि गोल केला, ओरिएंट ४-० जिंकले. फेब्रुवारीत ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्ध सत्तराव्या मिनिटाला आला आणि दोन गोल करून गेला. १८ मॅच ५ गोल हे लीग वनसाठी फार नाही, पण १७ वर्षांच्या, बऱ्याचदा बेंचवरून येणाऱ्या पोरासाठी मी तरी ते वाईट म्हणणार नाही. अकॅडमीत टेक्निकल फुटबॉल खेळलेला पोरगा इथे तीस-बत्तीस वर्षांच्या सेंटर बॅकच्या कोपरांमध्ये येऊन पडला, खराब पिचवर, जिथे बॉल पायापेक्षा डोक्यावर जास्त येतो.

परत आला, ऑगस्ट २०११ मध्ये हॅरी रेडनॅपने त्याला स्पर्ससाठी पहिली मॅच दिली, युरोपा लीगच्या क्वालिफाइंगमध्ये हार्ट्सविरुद्ध. पहिला लेग स्पर्सनी ५-० जिंकलेला असल्यामुळे दुसऱ्यात पोरांना खेळवलं. केनने स्वतः पेनल्टी मिळवली, स्वतःच मारायला गेला, आणि गोलकीपरने अडवली. मॅच ०-०. घरचा क्लब, लहानपणापासूनचं स्वप्न, पहिली मॅच, आणि पेनल्टी वाया. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे ज्याच्याइतका भरवशाचा पेनल्टी मारणारा इंग्लंडकडे क्वचितच होता त्याची सुरुवात अशी झालीये. डिसेंबरमध्ये शॅमरॉक रोव्हर्सविरुद्ध स्पर्ससाठी पहिला गोल आला, आणि लगेच पुढचा लोन.

जानेवारी २०१२, मिलवॉल. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा कणा इथे आहे.

मिलवॉल म्हणजे दक्षिण-पूर्व लंडन, द डेन नावाचं मैदान, आणि इंग्लंडमधला सगळ्यात कडक प्रेक्षक. टीम चॅम्पियनशिपमध्ये तळाशी, रिलीगेशनच्या म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये जायच्या भीतीत. तिथे स्पर्सहून दोन पोरं आली, केन आणि रायन मेसन. पहिली मॅच ब्रिस्टल सिटीला, ०-१ हरले. जानेवारी गेला, फेब्रुवारी संपत आला, लीगमध्ये केनचा गोल नाही. इथे दुसऱ्या एखाद्या मॅनेजरने त्याला बसवलं असतं आणि बसवायला कारणही होतं. केनी जॅकेटने बसवलं नाही. खेळवत राहिला. २५ फेब्रुवारीला बर्नलीविरुद्ध लीगमधला पहिला गोल आला आणि मग सुटलाच, शेवटच्या १४ मॅचमध्ये ७ गोल. मिलवॉल १६ व्या नंबरला राहिले, खाली गेले नाहीत, आणि पाच-सहा महिने राहिलेल्या पाहुण्या पोराला त्यांनी क्लबचा यंग प्लेयर ऑफ द सीझन दिला.

आता हा तुकडा बेरजेतून वेगळा काढा. १८ वर्षांचा पोरगा, दुसरी डिव्हिजन, हरलं की खाली जाणार असा दबाव, रोज सुरुवातीपासून खेळतोय, आणि दोन मॅचमागे एक गोल. हा आकडा कुठल्याही वयाच्या स्ट्रायकरसाठी चॅम्पियनशिपमध्ये चांगला आहे. आणि बाकी कुठे असं झालं? कुठेच नाही, कारण बाकी कुठे त्याला सलग असं खेळवलंच नाही. मॅनेजरचा संयम पण इथे बघायला हवा, कारण सलग खेळवायचं म्हणजे गोल न येणाऱ्या त्या सहा-सात आठवड्यांत पण खेळवायचं, नुसतं फॉर्मात असताना नाही. ते आठवडे जॅकेटने सहन केले नसते तर मिलवॉलच्या रकान्यातही एखाद-दुसरा गोल दिसला असता आणि आपण म्हणालो असतो की बघा, तिथेही जमलं नाही.

नॉरिचचं लवकर सांगून टाकतो. ऑगस्ट २०१२ मध्ये न्यूकॅसलविरुद्ध शेवटची चार-पाच मिनिटं उतरून प्रीमियर लीगमध्ये पदार्पण झालं, आणि महिना संपायच्या आत नॉरिचला पूर्ण सीझनसाठी रवानगी. कागदावर हा सगळ्यात मोठा लोन, प्रीमियर लीगमधला क्लब. पहिल्या मॅचमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध सब म्हणून येऊन शेवटी एक सोपा चान्स घालवला. मग लीग कपमध्ये डॉनकास्टरविरुद्ध पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि त्याच मॅचमध्ये पायाचं हाड मोडलं, मेटाटार्सल. डिसेंबरच्या शेवटी परतला, आणि १ फेब्रुवारीला स्पर्सनी परत बोलावून घेतलं. ५ मॅच, ० गोल. आता हे शून्य स्ट्रायकरच्या नावावर लावायचं का? आकड्यांच्या तक्त्यात ते लागतंच, तिथे हाड मोडल्याचा रकाना नसतो.

तीनच आठवड्यांनी लेस्टर. ट्रान्सफर विंडो जानेवारीत बंद होते मग फेब्रुवारीत कसा गेला, तर तेव्हा इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये इमर्जन्सी लोनची सोय होती, विंडोबाहेरही पोरं घेता यायची, ती पुढे बंद झाली. मॅनेजर नायजेल पिअरसन, टीम प्रमोशनच्या शर्यतीत. घरच्या पहिल्याच मॅचला ब्लॅकबर्नविरुद्ध गोल केला, वाटलं आता मिलवॉलसारखं होणार, पण नाही. प्रमोशनच्या मागे लागलेल्या टीमला पाहुणा पोरगा अकरामध्ये बसवायची घाई नसते. बेंच, बेंच, शेवटची वीस मिनिटं, परत बेंच.

आणि त्याच सीझनला त्याच बेंचवर आणखी एक जण होता, जेमी वार्डी. पोरवयात शेफिल्ड वेन्सडेने सोडलेला, नॉन-लीगमधून फ्लीटवूडकडून आणलेला, लेस्टरला पहिल्या सीझनमध्ये गोल होत नाहीत म्हणून लोक वैतागलेले. तीन वर्षांनी २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीगचा गोल्डन बूट केनने २५ गोलने जिंकला, वार्डीचे २४, आणि लेस्टर चॅम्पियन. म्हणजे २०१३ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमधल्या एका टीमच्या बेंचवर इंग्लंडचे पुढचे दोन सगळ्यात चांगले स्ट्रायकर बसलेले असायचे. मी पिअरसनला दोष देत नाहीये, तो माणूस पुढच्या वर्षी टीम वर घेऊन गेला. पण बेंचवर बसलेल्या खेळाडूबद्दल बाहेरून काहीच कळत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल सांगा.

केनने नंतर सांगितलंय की लेस्टरच्या त्या दिवसांत तो खचला होता, चॅम्पियनशिपमध्ये लेस्टरसाठी खेळवत नाहीत तर स्पर्ससाठी कधी खेळवणार, असं डोक्यात यायचं. घरचे भेटायला आले तेव्हा वडिलांनी परत तेच सांगितलं, मेहनत करत राहा. आणि त्याच काळात त्याने अमेरिकन फुटबॉलच्या टॉम ब्रेडीवरची डॉक्युमेंटरी बघितली, ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम ओळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, १९९ व्या नंबरला उचललेला माणूस, ज्याच्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. ते पोराच्या मनात घर करून बसलं. मला हा तपशील खूप आवडतो, कारण १९ वर्षांच्या, घरापासून लांब फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या पोराला रात्री काय धरून ठेवतं हे आपल्याला सहसा कळत नाही.

त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या अंडर-ट्वेंटी टीमबरोबर तुर्कीला वर्ल्डकप खेळायला गेला, तिथेही इंग्लंड एकही मॅच न जिंकता घरी. आणि परत येतो तर स्पर्समध्ये काय चाललंय, गॅरेथ बेल रेआल माद्रिदला निघालाय, पैसे येणार म्हणून धडाधड खरेदी, त्यात व्हॅलेन्सियाहून स्ट्रायकर रॉबर्टो सोल्दादो, जवळपास २६ मिलियन पौंडांचा. शिवाय अदेबायोर आहेच, डेफो आहे. मॅनेजर आंद्रे व्हिलास-बोआस. केनने लिहिलंय की त्याला परत लोनवर पाठवायचं चाललं होतं आणि तो मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला मी जात नाही, इथेच राहून ट्रेनिंगमध्ये दाखवतो, दर शुक्रवारी तुम्ही मला सांगा की मी खेळायच्या लायकीचा आहे की नाही.

हा निर्णय मला सगळ्यात धाडसाचा वाटतो. शहाणा सल्ला कुणीही हाच दिला असता की बाबा पाचवा लोन घे, मॅच खेळ. आणि वरचं माझंच म्हणणं बघितलं तर मीही तेच म्हणायला हवं, सलग मॅच पाहिजेत ना! पण चार लोननंतर त्याला एक गोष्ट कळलेली होती की लोनवर सलग मॅच मिळतीलच याची खात्री कुणी देत नाही, आणि तुम्ही बाहेर असता तेव्हा घरचे लोक तुम्हाला विसरतात. ट्रेनिंग ग्राउंडवर रोज दिसणारा पोरगा निदान दिसतो तरी.

कुणाला दिसला, तर टिम शेरवूडला. शेरवूड आणि लेस फर्डिनांड, क्रिस रॅम्सी ही मंडळी तेव्हा स्पर्सच्या तरुण पोरांबरोबर काम करत होती. डिसेंबर २०१३ मध्ये लिव्हरपूलने घरात येऊन ०-५ मारलं, दुसऱ्या दिवशी व्हिलास-बोआस गेला आणि शेरवूडला मॅनेजर केलं. त्याने लगेच केनला खेळवलं असं नाही, अदेबायोरला परत आणला आणि त्याने गोलही केले. पण ७ एप्रिल २०१४ ला सन्डरलँडविरुद्ध केनला प्रीमियर लीगमध्ये स्पर्सकडून पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं. ५-१ जिंकले, केनचा एक गोल. पुढच्या मॅचला वेस्ट ब्रॉम, गोल. त्याच्या पुढच्या मॅचला फुलम, परत गोल. तीन सलग मॅच, तीन गोल. आठवतंय मिलवॉल? तोच पॅटर्न, खेळवत राहा, गोल येतात.

शेरवूडबद्दल लोक बरंवाईट बोलतात आणि मॅनेजर म्हणून तो पुढे फार टिकला नाही, पण एक गोष्ट त्याच्याकडे होती जी बाहेरून आलेल्या कुठल्याही मॅनेजरकडे नव्हती, त्याने हे पोरगं वर्षानुवर्षं बघितलं होतं. २६ मिलियनच्या माणसाला बसवून अकॅडमीच्या पोराला उतरवायला आकडे पुरत नाहीत, त्या पोराला ओळखणारा माणूस लागतो.

आणि मग शेरवूडपण गेला. मे २०१४, मॉरिसिओ पोचेटिनो आला. केन परत तिसऱ्या नंबरवर, लीगमध्ये अदेबायोर नाहीतर सोल्दादो, केनला युरोपा लीगचे गुरुवार. तिथे तो गोल करत राहिला, ऑक्टोबरमध्ये अस्टेरास त्रिपोलिसविरुद्ध हॅटट्रिक मारली, आणि त्याच मॅचमध्ये गोलकीपर लोरिसला रेड कार्ड मिळालं, सब संपलेले, तर केनच ग्लोव्ह्ज घालून गोलमध्ये उभा राहिला आणि हातातून बॉल सुटून गोल खाल्ला. हॅटट्रिक आणि गोलकीपरची चूक एकाच संध्याकाळी एकाच माणसाच्या नावावर!

लीगमध्ये मात्र स्पर्सची हालत वाईट होती. घरच्या मैदानावर वेस्ट ब्रॉम, लिव्हरपूल, न्यूकॅसल सगळ्यांशी हरलेले. २ नोव्हेंबर २०१४, रविवार, अ‍ॅस्टन व्हिलाचं मैदान व्हिला पार्क. मी ही मॅच लाइव्ह बघितलीये, आपल्याकडे रात्र झालेली, दुसऱ्या दिवशी ऑफिस, आणि स्पर्स ०-१ मागे. केन सब म्हणून आत, व्हिलाच्या बेन्तेकेला रेड कार्ड, स्पर्सच्या चॅडलीने बरोबरी केली. ९० व्या मिनिटाला बॉक्सच्या बाहेर फ्री किक. बॉलपाशी मारायला उत्सुक असलेले मोठे लोक होते आणि हा २१ वर्षांचा पोरगा तिथे उभा राहिला. मारली, भिंतीतल्या नेथन बेकरला लागून वळली आणि आत. २-१. कॉर्नर फ्लॅगकडे तो ज्या तोंडाने पळाला ते मी विसरणार नाही.

आता प्रामाणिकपणे बघायचं तर तो शॉट बेकरला लागला नसता तर काय? कदाचित गोलकीपरने घेतला असता, मॅच १-१, आणि पुढच्या आठवड्यात परत अदेबायोर. कधी ना कधी चान्स मिळाला असता, नक्की, पण कधी आणि कुठल्या क्लबमध्ये? डिफ्लेक्शनचं श्रेय कुणाला द्यायचं हे मला कळत नाही. पण बॉलपाशी जाऊन उभं राहायचं श्रेय त्याचंच. हार्ट्सविरुद्ध पेनल्टी घालवलेला पोरगा तीन वर्षांनी शेवटच्या मिनिटाला 'मी मारतो' म्हणतो, ते मिलवॉलच्या त्या महिन्यांशिवाय झालं असतं असं मला वाटत नाही.

पुढचा आठवडा, स्टोकविरुद्ध सुरुवातीपासून. हरले, पण पोचेटिनोने काढलं नाही. मग हलविरुद्ध गोल. १ जानेवारी २०१५ ला चेल्सीविरुद्ध ५-३, त्यात केनचे दोन. फेब्रुवारीत आर्सेनलविरुद्ध २-१, दोन्ही गोल त्याचे, आठव्या वर्षी त्याला सोडून देणाऱ्या क्लबसमोर. मार्चमध्ये लेस्टरविरुद्ध प्रीमियर लीगमधली पहिली हॅटट्रिक. २७ मार्चला वेम्ब्लीवर लिथुआनियाविरुद्ध रूनीच्या जागी इंग्लंडसाठी उतरला आणि दीड मिनिटाच्या आत हेडरने गोल. सीझन संपला तेव्हा सगळ्या स्पर्धा मिळून ३१ गोल, लीगमध्ये २१, आणि पीएफएचा (खेळाडूंची संघटना) यंग प्लेयर ऑफ द इयर. स्टँडमधून गाणं सुरू झालं की हा आपल्यातलाच एक आहे.

लोक म्हणाले एका सीझनचा चमत्कार. २०१५-१६ ची सुरुवात तशीच झाली, लीगमधला त्याचा पहिला गोल यायला सप्टेंबरची अखेर उजाडली. पोचेटिनोने खेळवत ठेवलं. २५ गोल, गोल्डन बूट. जॅकेटने २०१२ मध्ये दोन महिने जे केलं तेच, फक्त मोठ्या स्टेजवर. यावर कुणी म्हणेल की पोचेटिनोच्या ट्रेनिंगने त्याचं शरीर बदललं, आणि ते खरंच आहे, केन स्वतः मान्य करतो, २०१३ चा केन आणि २०१५ चा केन अंगाने वेगळे दिसतात. म्हणजे थोडं असंही आहे की २०१३ मध्ये तो अजून तयारच नव्हता, जुलैचं पोरगं शेवटपर्यंत जुलैचंच राहिलं, उशिरा पिकणारं. मग त्याला २०१३ मध्ये जोखायची घाई कशाला, हाच तर माझा मुद्दा आहे.

पण मघाशी मिलवॉलला त्याच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या पोराचं नाव घेतलं, रायन मेसन, त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होत नाही. केनपेक्षा दोन वर्षांनी मोठा, तोही स्पर्सच्या अकॅडमीतला, मिडफिल्डर. योव्हिल, डॉनकास्टर, मिलवॉल, फ्रान्समध्ये लोरियां, स्विन्डन, असा फिरफिर फिरला, मध्ये दुखापती. त्यालाही शेवटी पोचेटिनोनेच उभं केलं, सप्टेंबर २०१४ मध्ये थेट आर्सेनलविरुद्ध लीगमध्ये उतरवून. केनचा लिथुआनियाविरुद्ध गोल झाला त्यानंतर चारच दिवसांनी इटलीविरुद्ध मेसनही इंग्लंडकडून खेळला. चार-पाच लोन फिरलेली दोन पोरं एकाच आठवड्यात इंग्लंडच्या शर्टमध्ये. मग २०१६ मध्ये तो हल सिटीला गेला, आणि जानेवारी २०१७ मध्ये चेल्सीविरुद्ध हेडरसाठी उडी मारताना डोक्याला डोकं आदळलं, कवटी फुटली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये २६ व्या वर्षी निवृत्ती घ्यावी लागली. त्याला कुणी चुकीचं जोखलं नव्हतं, त्याने काही कमी मेहनत केली नव्हती.

तो स्पर्समध्ये परत आला, अकॅडमीच्या पोरांना शिकवायला लागला. एप्रिल २०२१ मध्ये मॅनेजर मोरिन्योला काढलं तेव्हा क्लबने उरलेल्या सीझनसाठी टीम मेसनच्या हातात दिली, वय २९, प्रीमियर लीगमधला सगळ्यात तरुण मॅनेजर. सहाव्या दिवशी वेम्ब्लीवर मँचेस्टर सिटीविरुद्ध लीग कपची फायनल. टीमशीटवर स्ट्रायकरच्या जागी त्याने केनचं नाव लिहिलं, घोट्याच्या दुखापतीतून जेमतेम बरा झालेला असताना. ८२ व्या मिनिटाला सिटीच्या लापोर्तचा गोल आला आणि स्पर्स ०-१ हरले. टचलाइनवर एक, मैदानात एक, दोघंही जानेवारी २०१२ मध्ये एकाच वेळी मिलवॉलला गेलेले.